तृतीयेची भरती, अष्टमीची होडी

अष्टमी ही तिथी आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण अष्टमी नावाचं गावसुद्धा आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीच्या एका काठावर रोहा आणि समोरच्या काठावर अष्टमी. मधे पूल. दोन्ही गावांची नगरपालिका एकच आणि नावही जोडीनंच घ्यायचं : रोहा-अष्टमी.

मुंबईहून कोकणात रेल्वेनं जाणाऱ्यांना रोहा स्टेशन चांगलं ओळखीचं असतं. २६ जानेवारी १९९८ ला जी कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तिचा मार्ग रोह्याच्या पुढेच सुरू होतो. गाडी इथे थांबते, वडेवाले खिडकीशी येतात, आणि लोक 'आता कोकण आलं' म्हणून मान वळवून डोंगर बघायला लागतात. नदीकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. या लेखात आपण तिच्याकडेच बघायचं आहे आणि तेही होडीत बसून, हातात गरी धरून!

पाणी कुठलं?

कुंडलिका लांबीनं काही फार मोठी नदी नाही. भिऱ्याजवळच्या सह्याद्रीच्या डोंगरांत ती उगम पावते, कोलाडवरून रोह्याला येते आणि पुढे रेवदंडा-कोर्लईपाशी अरबी समुद्राला मिळते. पण तिच्यात वाहणाऱ्या पाण्याची एक गंमत आहे. कोकणातल्या बऱ्याचशा नद्या शिमग्यापर्यंत आटून जातात, डबकी तेवढी उरतात. कुंडलिका मात्र उन्हाळ्यातही वाहती असते. कशी? तर तिच्यात घाटावरचं पाणी येतं म्हणून!

पुणे जिल्ह्यात मुळशीला मुळा नदीवर टाटांचं धरण आहे. तिथलं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात आणलं जातं. हे वीजघर १९२७ साली सुरू झालं. पाणी जनित्रं फिरवतं, वीज मुंबईकडे जाते आणि काम संपलेलं पाणी कुंडलिकेत उतरतं. कोलाडला रबरी तराफ्यांतून जे धाडसी पर्यटन चालतं, ते या रोज सोडल्या जाणाऱ्या पाण्याच्या जोरावरच. तिथून खाली डोलवहालला बंधारा आहे. तिथे बरंचसं पाणी कालव्यांत वळवतात, आणि उरलेलं रोह्याकडे येतं.

आता नकाशा काढा. मुळा पुण्यात मुठेला मिळते, पुढे ते पाणी भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात जातं. म्हणजे जे पाणी पूर्वेच्या समुद्रात जायचं, ते इथे पश्चिमेच्या समुद्राकडे निघालेलं असतं! अर्थात ते फुकट आलेलं नाही. मुळशीच्या धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी आणि गावं गेली. त्यांच्यासाठी १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' हे नाव त्या लढ्यातच मिळालं.

हे झालं वरून येणारं गोडं पाणी. खालून, समुद्राकडून, दिवसातून दोनदा खारं पाणी वर चढतं. त्याची मजल अष्टमीपर्यंत पोचते. म्हणून इथे पुलावर उभं राहिलं की सकाळी नदी पश्चिमेला वाहताना दिसते आणि दुपारी चक्क पूर्वेला, डोंगराकडे!

या भरतीच्या पाण्यावर पूर्वी समुद्रातून गलबतं-होड्या इथवर यायच्या. १६७४ च्या मे महिन्यात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी मुंबईहून निघाला. तो चौलहून याच खाडीनं होडीतून अष्टमीला आला आणि इथे उतरून निजामपूरवरून रायगडाकडे गेला. इंग्रजांच्या कागदांत गावाचं नाव जरा वाकडंतिकडं झालं आहे, पण ते अष्टमीच. ज्या काठावर आम्ही होडीत चढलो, त्याच पाण्यावरून साडेतीनशे वर्षांपूर्वी नजराणे घेऊन ती मंडळी आली असतील!

भरतीचा पाढा

आमच्या होडीत चौघे होतो. मी, आठवीतली भाची, पाचवीतला भाचा आणि होडीवाले काका. काकांचं वय सत्तरीच्या आसपास. त्यांचे वडील याच खाडीत मासे धरायचे, आजोबाही. मुलगा मात्र नोकरीला लागला आहे. होडी आता काका हौसेनं आणि घरच्या कालवणापुरती चालवतात.

आदल्या संध्याकाळी फोन केला, तेव्हा मी विचारलं, "किती वाजता येऊ?" काका म्हणाले, "उद्या तीज हाय. मंजी रेवदंड्याला भरती सव्वादोनला. तुमी साताला या."

भाचीनं लगेच मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक शोधलं. काकांचं उत्तर पाच-दहा मिनिटांच्या फरकानं बरोबर होतं! तिला ते भारीच वाटलं. सकाळी होडीत बसल्याबसल्या तिनं पहिला प्रश्न केला तो हाच. काकांनी तिला भरतीचा पाढा सांगितला. तुम्हीही लिहून ठेवा.

जी तिथी असेल, तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, तितक्या वाजता कोकणच्या किनाऱ्यावर भरती पुरी होते. तृतीया म्हणजे तीन, तिनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणून भरती सव्वादोनला. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. दशमीला साडेसातला. वद्य पक्षातही हाच हिशोब. दिवसात दोन भरत्या येतात, त्यामुळे दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. मधल्या वेळी ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागे मागे चालते. त्या पाऊण तासावर सगळा पाढा बसवलेला आहे. घड्याळ नव्हतं तेव्हाही कोळ्यांना हा हिशोब तोंडपाठ होता.

"मग अष्टमीला काय वेगळं असतं?" भाच्यानं विचारलं. गावाचं नाव त्याच्या डोक्यात बसलं होतं.

"अष्टमीला भांग," काका म्हणाले. "पानी सुस्त. चढत नाय, उतरत नाय. अमावशा-पुनवंला उधान."

पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात, म्हणून भरती मोठी. ती उधाणाची. सप्तमी-अष्टमीला दोघांची ओढ काटकोनात असते, म्हणून भरती लहान. तिला म्हणतात भांगाची भरती. म्हणजे अष्टमी गावच्या खाडीला अष्टमीच्या दिवशी सगळ्यांत कमी पाणी चढतं! आम्ही आलो होतो माघ शुद्ध तृतीयेला. अमावास्या होऊन तीनच दिवस झालेले. उधाणाचा जोर अजून होता.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. रेवदंड्याला सव्वादोनला भरती पुरी झाली, म्हणजे ती त्याच क्षणी अष्टमीला पोचते असं नाही. खाडीतून वळणं घेत वर यायला तिला वेळ लागतो. "दीड-दोन तास धरायचे," काका म्हणाले. त्यांचा बेत असा होता : सकाळच्या ओहोटीबरोबर खाली जायचं, पाणी फिरेपर्यंत नांगर टाकून गरवायचं आणि दुपारच्या भरतीवर बसून परत यायचं. वल्ही मारायचा त्रास जाताना नाही आणि येतानाही नाही!

चपट्या तळाची होडी

काकांची होडी छोटीशीच. चार माणसं बसली की पाचव्याला जागा नाही. तळ जवळजवळ चपटा, कारण ओहोटीला पाणी गुडघाभर उरतं तिथेही ती सरकली पाहिजे. वल्ही होती, पण उथळ जागी काका मागे उभे राहून लांब बांबू तळाला टेकवत आणि होडी पुढे ढकलत. बांबू चिखलात रुतला की थोडा पिळून काढायचा. ओढून काढायला गेलात तर होडी पुढे जाते आणि तुम्ही बांबूला लटकता!

पुलाखालून निघालो तेव्हा नदीवर धुकं होतं. मागे डोंगर, उजव्या हाताला अवचितगडाच्या बाजूची गर्द झाडी. खाली खाली गेलो, तसा काठ बदलत गेला. आधी वाळू आणि गोटे, मग गाळ, मग तिवरांची झुडपं. तिवर म्हणजे खारफुटी. तिची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर डोकावतात आणि हवा घेतात. त्या मुळांमधे निवट्या उड्या मारत होत्या. निवटी हा मासाच, पण तो चिखलावर परांच्या आधारानं चालतो. अंगाची कातडी ओली राहिली, म्हणजे कातडीतूनही त्याला श्वास घेता येतो. भाचा म्हणाला, "हा मासा आहे की बेडूक, त्याचं त्यालाच ठरवता आलेलं नाही."

एका वळणावर काकांनी नांगर टाकला. नांगर म्हणजे दोरीला बांधलेला मोठा दगड. होडीनं तोंड वर करून ताण घेतला आणि स्थिर झाली. मग गऱ्या बाहेर निघाल्या.

गरी अगदी साधी होती. बांबूची लवचीक काठी, तिला तंगूस बांधलेला. तंगूस म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा. त्याच्या टोकाला गळ, गळाच्या वर शिशाचा छोटा तुकडा आणि त्याच्याही वर बुचाचा तरंगता तुकडा. आमिषं तीन प्रकारची : डब्यात गांडुळं, ओल्या फडक्यात जिवंत कोळंबी आणि एका वाटीत कणकेचा गोळा. ज्याचं जसं जेवण, तसं आमिष. शिंगाळ्याला गांडूळ चालतं, तो तळाशी चाचपत फिरतो. बोय शाकाहारी, चिखलावरचं शेवाळं खाते, म्हणून तिला कणीक. आणि जिताड्याला जिवंत, हलणारी कोळंबीच हवी.

जिताड्याचं नाव काढताच भाच्याचे डोळे चमकले. निघताना त्यानं आजीला जिताडा आणायचं कबूल केलं होतं. रायगडात जिताड्याचा मान मोठा. पेण-अलिबागच्या खारेपाटात घराशेजारच्या तळ्यात जिताडे वाढवतात आणि पाहुणा आला की त्यातला एक काढतात. ऑस्ट्रेलियात याच माशाला बारामुंडी म्हणतात आणि त्याला गळाला लावायला लोक लांबून लांबून जातात.

वाट बघणं

पहिला तास काहीच झालं नाही. बूच नुसतं पाण्यावर डुलत होतं.

मुलं कंटाळू नयेत म्हणून मी त्यांना इंग्लंडातल्या गरवणाऱ्यांची हकीकत सांगितली. तिकडे जुन्या जमीनदारांच्या वाड्यांभोवती मोठमोठी तळी असतात. तिथे लोक अशाच चपट्या होडीत, तिला 'पंट' म्हणतात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत गरी धरून बसतात. ट्राउट आणि सामन सोडून बाकी गोड्या पाण्यातले मासे धरणं, याला त्यांनी वेगळं नाव दिलं आहे : 'कोर्स फिशिंग'. गंमत म्हणजे हे लोक मासा धरतात, बघतात, वजन करतात आणि बहुधा परत पाण्यात सोडून देतात!

"मग धरतात कशाला?" भाच्यानं विचारलं.

काकांना हे ऐकून हसू आवरेना. "भूक नसंल त्यास्नी," ते म्हणाले.

पण इंग्लंडातली एक गोष्ट त्यांना पटली. तिथल्या नद्यांमधे १५ मार्चपासून १५ जूनपर्यंत असे मासे धरायला बंदी असते, कारण ते दिवस अंडी घालायचे. आपल्याकडेही महाराष्ट्राच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, ती त्याच कारणासाठी.

तेवढ्यात भाचीचं बूच एकदम बुडालं. तिनं काठी वर उचलली आणि काळसर, मिशाळ शिंगाळा होडीत आला. काका ओरडले, "हात लावू नको!" शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांवर करवतीसारखे काटे असतात. लागले तर हात दिवसभर ठणकतो. काकांनी फडक्यानं त्याची मान धरली, तसा तो कुरकुरला. खरंच, आवाज करून! खाडीतल्या शिंगाळ्यांच्या काही जातींत अंडी सांभाळायचं काम बाप करतो. तो अंडी तोंडात घेऊन फिरतो आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत उपाशी राहतो. हे ऐकल्यावर भाचीनं आपल्या शिंगाळ्याकडे जरा आदरानं पाहिलं.

दहाच्या सुमाराला आणखी दोन शिंगाळे आणि एक बोय लागली. भाच्याची गरी मात्र कोरडीच.

पाणी फिरलं

साडेदहाच्या पुढेमागे काकांनी बोट दाखवलं. "आता बगा."

पाण्यावर एक तिवराचं पान तरंगत होतं. ते अजून समुद्राकडेच चाललं होतं. पण काकांनी होडीच्या कडेनं शिसं बांधलेला दोर तळाशी सोडला, तर दोर उलट्या बाजूला, म्हणजे अष्टमीकडे, तिरपा झाला! वरचं पाणी खाली चाललेलं आणि तळाचं पाणी वर निघालेलं. एकाच जागी, एकाच वेळी दोन नद्या!

याचं कारण तुम्ही घरी करून बघू शकता. खारं पाणी गोड्यापेक्षा जड असतं. काचेच्या ग्लासात गोडं पाणी घ्या आणि रंग घातलेलं मिठाचं पाणी त्यात हळूच कडेनं सोडा. ते तळाशी जाऊन बसेल. खाडीतही तसंच. समुद्राचं जड पाणी तळानं आत घुसतं, गोडं पाणी त्याच्यावरून वाहत राहतं. भरती आल्याची बातमी तळाला आधी कळते, वरच्यांना नंतर.

"मासा तलाला आसतो. म्हनून त्याला आपल्या आदी कलतं," काका म्हणाले.

आणि खरोखर त्यानंतरच्या दीड तासात खाडी जागी झाली. बोयी पाण्याबाहेर उड्या मारायला लागल्या. एक खंड्या तिवरावरून सूर मारून काहीतरी घेऊन गेला. आमच्या तिन्ही गऱ्या हलायला लागल्या.

फळीवरच्या खुणा

भाच्याची काठी वाकली ती साधारण बाराला. तिला नुसता झटका बसला नाही, ती कमानीसारखी वाकली. तंगूस पाणी कापत तिवरांच्या मुळांकडे धावला. "तिकडं जाऊ देऊ नको, गुतंल!" काका म्हणाले, पण त्यांनी काठीला हात लावला नाही. भाच्यानं दात ओठ खाऊन काठी धरली. दोन मिनिटांनी होडीच्या कडेला रुपेरी अंग लकाकलं. टोकदार तोंड, पाठीला बाक, गोल शेपटी आणि उन्हात लालसर चमकणारा डोळा. जिताडा!

पण छोटा. दीड वीत असेल.

काकांनी त्याला पाण्यातल्या पाण्यात ओल्या हातानं धरलं आणि होडीच्या आतल्या फळीकडे बोट दाखवलं. आम्ही सकाळपासून तिला टेकून बसलो होतो, पण कुणी नीट पाहिली नव्हती. फळीवर कोयत्यानं केलेल्या खाचा होत्या. एका टोकाला एक खोल खाच आणि तिथून वेगवेगळ्या अंतरांवर बऱ्याच बारीक खाचा. जिताडा मिळाला की त्याचं तोंड त्या खोल खाचेला लावायचं आणि शेपूट जिथे येईल तिथे कोयत्यानं खूण करायची, ही काकांच्या वडिलांची सवय. होडी दोनदा दुरुस्त झाली, पण ही जुनी फळी काकांनी प्रत्येक वेळी काढून पुन्हा बसवली.

भाचीनं वहीच्या पट्टीनं मोजायला सुरुवात केली. जुन्या, काळ्या पडलेल्या खाचा लांब होत्या. एक तर तिच्या खांद्याएवढी, सव्वा मीटरची. मधल्या काळातल्या खाचा हातभर. आणि ताज्या, पांढुरक्या खाचा? त्या दोनच होत्या आणि दोन्ही जवळ जवळ.

"हे असं का?" तिनं विचारलं.

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पानी बदललं."

जिताड्याला जगायला ही सबंध नदी लागते. तो जन्मतो खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात, पावसाळ्याच्या सुमाराला. पिल्लं भरतीबरोबर वर येतात, तिवरांच्या मुळांत लपतात, काही गोड्या पाण्यापर्यंत जातात आणि तिथे काही वर्षं वाढतात. अंडी घालायच्या वेळी पुन्हा खाली समुद्राकडे उतरतात. आणखी एक नवल म्हणजे, जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी, मोठे झाल्यावर, त्यांची मादी होते! म्हणजे अंडी घालणाऱ्या माद्या म्हणजे खाडीतले सगळ्यांत जुने, सगळ्यांत मोठे मासे. सगळे लहानपणीच धरले, तर मादी व्हायला उरणार कोण?

आता या वाटेवर काय काय आहे ते पाहा. रोह्याजवळ धाटावला रसायनांच्या कारखान्यांची मोठी औद्योगिक वसाहत आहे. तिथे हजारो माणसांना काम मिळतं. रोह्यातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर चालते. काकांच्या मुलाची नोकरीही अशाच एका कारखान्यात आहे. तिथलं सांडपाणी प्रक्रिया करून खाडीत सोडलं जातं. गावांचं सांडपाणी आणि कचराही नदीतच येतो. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले होते, आणि त्यांत कुंडलिकेचं नाव होतं. तिवर कमी झाले, जाळ्यांची भोकं बारीक झाली, आणि दीड वितीचा मासाही विकला जायला लागला. फळीवरच्या खाचा जवळ जवळ येण्याची कारणं अशी एकाहून अधिक आहेत.

"मग हा?" भाच्यानं विचारलं. जिताडा अजून काकांच्या हातात पाण्यात होता, कल्ले उघडमीट करत.

"गरी तुजी, मासा तुजा," काका म्हणाले. "तू सांग."

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. आजीला दिलेला शब्द होता. सकाळपासून रिकामी राहिलेली गरी होती. घरी गेल्यावर मित्रांना सांगायची गोष्ट होती. शेवटी त्यानं विचारलं, "याची मादी व्हायला किती वर्षं लागतील?"

"पाच-सहा तरी."

"म्हणजे मी कॉलेजात असेन," तो बोटांवर मोजून म्हणाला. मग म्हणाला, "पण खूण करायची."

काकांनी जिताडा अलगद उचलला, फळीला लावला, आणि भाच्यानं कोयत्याच्या टोकानं एक बारीक खाच पाडली. गळ आधीच निघाला होता. काकांनी माशाचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यात धरलं. कल्ले जोरात हलायला लागले तशी बोटं सैल केली. जिताडा क्षणभर तिथेच राहिला आणि मग भरतीच्या पाण्याबरोबर वरच्या बाजूला, अष्टमीकडे निघून गेला.

काकांनी कोयता पुसून ठेवला. "माज्या बापानं कंदी सोडला नसता," ते म्हणाले. "पन त्याच्या टायमाला सोडायची गरज नव्हती."

वर चढताना

दोन वाजता नांगर उचलला. आता सगळी खाडी वरून-खालून अष्टमीकडे वाहत होती. होडी आपोआप चालली होती. काका फक्त वल्हं धरून दिशा देत होते. सकाळी उघडा पडलेला चिखल पाण्याखाली गेला होता, निवट्या दिसेनाशा झाल्या होत्या आणि तिवरांची फक्त डोकी पाण्यावर होती. आम्ही डबे उघडले. तांदळाची भाकरी, वांग्याची भाजी, लसूण चटणी. काकांच्या घरून आलेलं सुकटीचं कालवण. पाण्यावर भूक दुप्पट लागते, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

पकड मोजली : चार शिंगाळे आणि तीन बोयी. चौघांच्या दोन घरांत वाटून एका जेवणाचं कालवण. आजीला जिताड्याऐवजी शिंगाळे मिळाले. तिनं ते चिंच-त्रिफळ घालून केले आणि काही तक्रार केली नाही. खाचेची हकीकत मात्र तिनं नातवाकडून तीनदा ऐकली.

तुम्हाला जायचं असेल तर

रोह्याला दिवा आणि पनवेलहून रेल्वे आहे. पेण, नागोठणे, अलिबागहून एसटीही मिळते. पावसाळ्यात कुंडलिकेत होडी घालायची नाही, तेव्हा तिला पूर येतात आणि माशांचे अंडी घालायचे दिवसही तेच. दिवाळीनंतर जावं. होडीत बसताना मोठं माणूस आणि खाडी जाणणारा होडीवाला सोबत हवाच, आणि पोहता येत असलं तरी अंगात जीवरक्षक जाकीट हवं. जायच्या आधी कॅलेंडरात तिथी बघा, पाऊणपट करा आणि ओहोटीबरोबर निघून भरतीबरोबर परत यायचं गणित घरीच मांडा. एक पट्टीही जवळ ठेवा. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं ५४ जातींच्या सागरी माशांची किमान लांबी ठरवून दिली आहे, त्याहून लहान मासा धरायचा नाही. तुमच्या गळाला लागलेला मासा त्या यादीत असो वा नसो, त्याला मोजायला काहीच हरकत नाही.

आणि रोहा-अष्टमीच्या पुलावर गेलात, तर दहा मिनिटं थांबा. पाण्यावर एखादं पान शोधा. ते कुठल्या दिशेला चाललं आहे बघा, आणि तळाचं पाणी कुठे चाललं असेल याचा अंदाज करा. त्या पाण्यात कुठेतरी एक जिताडा वाढतो आहे. एका पाचवीतल्या मुलाला त्याची लांबी माहीत आहे : दीड वीत, खाच नंबर शेवटून पहिली.